डिकीसकट

गाडी डावीकडे ओढते आहे हे आधी कोणाच्या लक्षात आलं, यावर पोंक्षे कुटुंबात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ओवीच्या बाबांचं म्हणणं, ते पहिल्यांदा त्यांनाच जाणवलं, कारण स्टिअरिंगवर हात त्यांचे होते. आईचं म्हणणं, तिला त्याच्याही आधी कळलं होतं, पण नवरा गाडी चालवत असताना बायकोने काय काय सांगायचं यालाही काही मर्यादा असते. ती मर्यादा नेमकी कुठे होती हे मागच्या सीटवर बसणाऱ्या ओवीला मात्र कधी दिसलं नाही.

बाबा, म्हणजे चारुदत्त पोंक्षे, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत लोखंडी पाइप तपासत. पाइप सरळ आहे की नाही, हे ठरवणं हेच त्यांचं काम. ते एक डोळा मिटून पाइपमधून पाहत आणि केसाएवढा बाक असला तरी पाइप परत पाठवत. अशा माणसाची स्वतःची गाडी वाकडी चालावी, हे त्यांनी मान्य करायला वेळ लागला यात नवल नाही.

पहिले काही आठवडे त्यांनी दोष वाऱ्याला दिला. शारजाहून हमरियाला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. "सकाळी मतलई वारे," बाबा म्हणाले, "जमिनीवरून समुद्राकडे. म्हणून गाडी डावीकडे. संध्याकाळी येताना खारे वारे, समुद्रावरून जमिनीकडे. म्हणजे पुन्हा डावीकडेच. शाळेत शिकवतात हे."

सिद्धान्त जाता-येता दोन्हीकडे लागू पडत होता, त्यामुळे बाबा त्याच्यावर खूश होते. पुढे एका शुक्रवारी वारा इतका पडला की झेंडेसुद्धा काठीला चिकटले होते. त्या दिवशी गाडी हळूच डाव्या लेनमध्ये शिरली, मागून एका लँडक्रूझरने दिवे चमकवले आणि आई शांतपणे म्हणाली, "आज वारे कुठले हो?"

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. मार्केट पडलं होतं. दुबईतल्या अर्ध्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या आणि दर महिन्याला ओळखीचं एक तरी घर रिकामं होत होतं. बाबांची नोकरी टिकली, पण पगार कापला गेला आणि पोंक्षे मंडळी दोन बेडरूमच्या घरातून अल नाहदामधल्या एका बेडरूमच्या घरात आली. ओवीचं टेबल त्या घरात बसेना, म्हणून ती इस्त्रीच्या टेबलावर अभ्यास करू लागली. तिला ते काही वाईट वाटलं नाही, कारण इस्त्रीचं टेबल खालीवर करता येतं.

परत जाणाऱ्यांना विमानतळावर सोडण्याचं काम बाबांकडे आलं. कसं आलं ते कोणालाच ठाऊक नाही. बहुधा एकदा कोणी विचारलं, ते हो म्हणाले आणि तेवढं पुरलं. आता विमान कंपनी माणशी तीस किलो सामान नेऊ देते. संसार वीस वर्षांचा असला तरी तीसच. घरच्या वजनकाट्यावर बॅग हमखास एकोणतीस भरते आणि काउंटरवर छत्तीस. मग तिथेच, मागे रांग खोळंबलेली असताना, बॅग उघडायची आणि काय काढायचं ते ठरवायचं. सोनं काढता येत नाही, मुलांची सर्टिफिकेटं काढता येत नाहीत. निघतं ते जड सामान. आणि सोडायला आलेला माणूस शेजारीच उभा असतो.

"भाऊजी, हे तेवढं ठेवा हं. मार्केट सुधारलं की आम्ही येतोच आहोत," असं म्हणून मनोरमाकाकूंनी बाबांच्या हातात पाटा-वरवंटा दिला होता. नाशकाचा, काळ्या दगडाचा, टाकी लावलेला. मनोरमाकाकू जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. त्यांची लसणीची चटणी तिन्ही मजल्यांना ठाऊक होती. पाठोपाठ शार्दूल गेला. तो एकटा राहायचा आणि व्यायाम करायचा, त्याचे डंबेल्स. मग इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय चालवणारं जोडपं गेलं. त्यांचे दिवाळी अंकांचे दोन खोके. मंडळाचा ढोलही त्यांच्याकडेच असायचा, तोही आला. हे सगळं विमानतळावरून परत आलं ते डिकीत, आणि डिकीतच राहिलं, कारण घरात इस्त्रीच्या टेबलालाही जागा बदलून राहावं लागत होतं, आणि बाल्कनीत सामान ठेवलं की वॉचमन दारात उभा राही. त्यातही ते डिकीच्या डाव्या बाजूला राहिलं. उजवी बाजू आईच्या भाजीसाठी आणि पाण्याच्या मोठ्या बाटलीसाठी राखीव होती. या राखीव जागेबाबत आई बोलणी करायलाही तयार नव्हती.

वारे बाद झाल्यावर बाबांनी जाहीर केलं, "व्हील अलाइनमेंट करून घ्यावं लागणार." हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये उच्चारलं, ही चूक झाली. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधले राजाभाऊ होते.

राजाभाऊ बँकेत होते आणि त्यांना प्रत्येक गोष्टीतला एकच खात्रीचा पत्ता माहीत असे. "पोंक्षे, एक सांगतो. एजन्सी. दुबई. बाकी कुठे जाऊ नका. लेझर असतो त्यांच्याकडे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पकडतो."

"किती घेतात?"

"एकशेवीस."

"एकशेवीस दिरहम म्हणजे..." बाबांचे ओठ हलले, "पंधराशे रुपये! पंधराशेत तिकडे चारही चाकं नवी मिळायची एके काळी."

"एके काळी," राजाभाऊ म्हणाले आणि आपल्या मजल्यावर उतरले. तो मजला बाबांचाही होता. बाबा विचारात असल्यामुळे तसेच वर गेले.

दुसरा सल्ला हनीफभाईंचा घ्यायला हवा होता. हनीफभाई मूळचे राजापूरचे, सनय्यात, म्हणजे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, त्यांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान. बाबांची आणि त्यांची दोस्ती एका फॅनबेल्टवरून जमली होती आणि बारा वर्षं टिकली होती. पण त्यांना विचारायच्या आधीच बाबा एजन्सीत जाऊन आले, आणि ते हनीफभाईंना इतकं लागलं की पुढची सगळी कथा ते दर वेळी तिथूनच सुरू करत: "मला इचारलानी नाय. मी काय मेलो होतो काय?"

एजन्सीत ओवी बरोबर होती. शोरूमची फरशी इतकी चकचकीत की आपलंच नाक खालून दिसावं. टाय लावलेला सर्व्हिस अॅडव्हायजर अदबीने म्हणाला, "सर, प्लीज रिमूव्ह ऑल युवर पर्सनल बिलाँगिंग्ज फ्रॉम द बूट."

"दे आर नॉट पर्सनल," बाबा म्हणाले. "नन ऑफ इट इज माइन."

अॅडव्हायजरने त्यांच्याकडे पाहिलं. मग डिकीकडे पाहिलं. मग दोन माणसं बोलावली. चकचकीत फरशीवर पाटा आला, वरवंटा आला, डंबेल्स आले, दिवाळी अंक आले आणि शेवटी ढोल. नव्या कोऱ्या गाड्यांच्या मधोमध ते एखाद्या प्रदर्शनासारखं दिसू लागलं.

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," ओवी म्हणाली आणि एक दिवाळी अंक उघडून त्याच्यामागे तोंड लपवलं. (लपवण्यापुरता उघडलेला तो अंक तिने तिथेच निम्मा वाचला. त्यानंतर डिकीतले दोन्ही खोके तिने एकामागून एक संपवले. मराठी नीट वाचायला ती अशी पार्किंगमध्ये शिकली.)

सोफ्यावर पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक वृद्ध अरब गृहस्थ बसले होते. ते उठले, काठी टेकत आले, वाकून पाट्यावरून हात फिरवला. टाकीचे खड्डे बोटांनी चाचपले. मग बाबांकडे पाहून हाताने वाटण्याची खूण केली आणि म्हणाले, "माय मदर. सेम सेम." वरवंट्याला एकदा थोपटून ते पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले. बाबांना त्यानंतर फरशीवरच्या त्या सामानाची लाज वाटली नाही. ओवीला ते दिसलं, पण ती त्या वेळी चेहरा अंकामागून काढायला तयार नव्हती.

लेझरने मिलिमीटरचे भाग मोजले. गाडी सरळ झाली. सामान पुन्हा डिकीत गेलं, आणि पुढच्या सिग्नलच्या आत गाडी पुन्हा डावीकडे.

बाबा परत फिरले. अॅडव्हायजरने स्वतः चक्कर मारून पाहिली आणि टाय नीट करत म्हणाला, "सर, युवर कार इज स्ट्रेट. युवर लगेज इज नॉट."

घरी हे ऐकून आई इतकी हसली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. मग हसणं संपलं आणि तिने पदराने डोळे पुसत सरळ मुद्द्याला हात घातला. "मनोरमाला एक फोन करा. येणार आहेस का, विचारा. नसेल तर काय करायचं ते सांग म्हणावं."

"असं विचारायचं नसतं, विभा."

"का नसतं?"

"विचारलं तर तिला 'नाही' म्हणावं लागेल."

आई गप्प झाली. पण गप्प होणं आणि पटणं या तिच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. "मग त्या 'नाही'वर गाडी चालवा," ती म्हणाली आणि कुकर लावला.

ओवीने उपाय सुचवला. "जस्ट शिफ्ट इट टु द राइट, बाबा." तो करून पाहिला. पाटा उजवीकडे गेला, आईची राखीव जागा डावीकडे आली, बाटली तिरकी झाली आणि गाडी आता दोन्हीकडे ओढू लागली. कधी कुठे, हे तिचं ती ठरवी. पाटा मध्ये ठेवला तर वरवंटा मोकळा सुटला. शारजात तेव्हा चौकाचौकांत गोल राउंडअबाउट होते. प्रत्येक राउंडअबाउटला मागून गडगडाट व्हायचा आणि शेजारच्या गाड्या काचा खाली करून पाहायच्या. हनीफभाईंनी गाडीखाली डोकं घालून निदान केलं: "डावी स्प्रिंग बसलीय. तिला आता त्या वजनाची सवय झालीय. परत डावीकडंच ठेवा."

सामान परत डावीकडे गेलं. आता प्रश्न असा उरला की भरल्या डिकीसकट अलाइनमेंट कोण करून देणार. बाबांचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. पाइप ज्या दाबाखाली चालणार, त्याच दाबाखाली तपासायचा असतो. मग गाडी का नाही? सनय्यातल्या पहिल्या गॅरेजवाल्याने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाड़ी खाली करो, साब." दुसऱ्याने पाटा पाहून विचारलं, "ये पत्थर कायकू?" बाबांनी लसणीच्या चटणीपासून सुरुवात केली. चटणी संपेपर्यंत गॅरेजातली सगळी माणसं जमली, चहा आला, मिक्सरमधली चटणी आणि पाट्यावरची चटणी यांवर दोन तट पडले, पण अलाइनमेंट झाली नाही. तिसरा म्हणाला, "करेगा, लेकिन गारंटी नहीं." गॅरंटी नाही म्हटल्यावर बाबा खाली उतरलेच नाहीत. ज्या माणसाने जन्मभर तपासलेल्या प्रत्येक पाइपावर सही केली, तो बिनगॅरंटीची गाडी कशी घेणार?

त्याच दिवशी परतताना पोलिसाने थांबवलं. हनीफभाई शेजारी बसले होते. पोलीस तरुण होता. गाडी लेन सोडते आहे, हे त्याने मागून पाहिलं होतं. त्याने डिकी उघडायला लावली आणि ढोलाकडे बघत राहिला.

"यू सेलिंग?"

"नो, नो. फ्रेंड्स'," बाबा म्हणाले.

"व्हेअर फ्रेंड?"

"इंडिया. ऑल गॉन. क्रायसिस. खलास."

"फ्रेंड खलास, व्हाय यू कीप?"

याचं उत्तर बाबांकडे मराठीत होतं. तेसुद्धा त्यांनी आईला धड दिलं नव्हतं. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तेवढ्यात हनीफभाई पुढे झाले, छातीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "अमाना, या हबीबी. अमाना."

पोलिसाने पुन्हा एकदा आत पाहिलं. खोक्यातून निसटलेला एक दिवाळी अंक त्याने आत सरकवला आणि डिकी स्वतःच्या हाताने, आवाज न करता लावली. "ओके. गो स्लो," तो म्हणाला. "व्हेरी स्लो."

गाडी सुरू झाली. मग हनीफभाई घसा खाकरून म्हणाले, "लोकांनी इश्वासानं ठेवलेली अमानत डिकीत घेऊन फिरताय, नि मला बोलला नाय तुम्ही. मला वाटलं चिकटपणा करताय, गोडाऊनचा भाडा वाचवताय. आता मी बघतो कोण नाय म्हणतो ते."

पुढच्या शुक्रवारी सकाळी, नमाजच्या आधी, सनय्याच्या पार टोकाला असलेलं एक गॅरेज पोंक्ष्यांसाठी खास उघडलं गेलं. मालक पेशावरकडचा एक धिप्पाड खान होता. हनीफभाईंनी त्याला काय सांगितलं होतं देव जाणे, पण त्याने डिकी उघडूनही पाहिली नाही. फक्त एक अट घातली. सामानासकट करायची तर पूर्ण करायची. गाडीत रोज जे जे असतं, ते सगळं आत हवं. माणसंसुद्धा.

"बरोबर!" बाबा म्हणाले. आपल्या भाषेत बोलणारा माणूस परमुलखात भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला.

त्या दिवशी खरं तर खोर फक्कानला सहलीला जायचं ठरलं होतं. आई नवी साडी नेसून आली होती आणि डब्यात थालीपीठं होती. गाडी तपासणीच्या खड्ड्यावरच्या उंच लोखंडी पट्ट्यांवर चढली. बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, ओवी बाबांच्या मागे, पाण्याची बाटली भरलेली. खान खाली उतरला आणि खालून आवाज आला, "कोई हिलना नहीं!"

पोंक्षे कुटुंब हललं नाही. पाऊण तास, एसी बंद, काचा खाली, जमिनीपासून हातभर उंच, कुठेही न जाणाऱ्या गाडीत तिघं समोर बघत बसले होते.

"अहो, माझ्या नाकाला खाज येतेय."

"डाव्या हाताने खाजव. उजवीकडे वजन नको."

"ओवी, वाचू नकोस, पान उलटताना हलतेस."

"आय अॅम नॉट मूव्हिंग, आई!"

"बोलूही नकोस."

शेवटी आईने, मान न वळवता, मांडीवरचा डबा उघडला आणि खिडकीतून एकेक थालीपीठ बाहेर देऊ लागली. हनीफभाईंनी ते घेऊन खड्ड्यात पोचवलं. "बाजी, बहोत अच्छा," खालून आवाज आला. बाबा घाबरून म्हणाले, "विभा, डब्याचं वजन कमी होतंय!" तेव्हा आधी आई हसली, मग ओवी, मग खड्ड्यातला खान, आणि सगळी गाडी हसण्याने इतकी हलली की मोजमाप पुन्हा करावं लागलं.

मग ते खोर फक्कानला गेले. मसाफीच्या अलीकडे डोंगर सुरू होतात. एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर बाबांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात बोटभर वर उचलले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली.

"बघ," ते आईला म्हणाले.

"हात ठेवा," आई म्हणाली. पण बघत होती.

मार्केट सुधारलं. क्रेन पुन्हा हलू लागल्या. शार्दूल कॅनडात गेला, वाचनालयवाल्या जोडप्याने डोंबिवलीत नवं वाचनालय काढलं, आणि मनोरमाकाकूंचा दर दिवाळीला फोन यायचा. कधी येताय, असं बाबांनी एकदाही विचारलं नाही. स्प्रिंग दोनदा बदलली. दोन्ही वेळा खानाकडे, डिकीसकट, तिघांना बसवून. ओवी पुढे अबू धाबीत नोकरीला लागली, अल रीम आयलंडवर राहू लागली, तरी त्या कामासाठी तिला शारजाला यावं लागलं. "तुझं वजन बदललंय का?" बाबांनी फोनवर गंभीरपणे विचारलं होतं.

बाबा गेले त्यानंतर आईने पुण्याला जायचं ठरवलं. घर रिकामं करताना ओवीने आणि हनीफभाईंनी डिकीही रिकामी केली. ढोल मंडळात गेला, खोके राजाभाऊंनी नेले, डंबेल्स वॉचमनने. पाटा-वरवंटा तेवढा वर बाल्कनीत आणून ठेवला. या वेळी वॉचमन काही बोलला नाही.

मनोरमाकाकूंचा फोन आला तो त्याच दुपारी. त्या बाबांबद्दल पुष्कळ बोलल्या. विमानतळावर ते काउंटरच्या पलीकडे, त्या दिसेनाशा होईपर्यंत उभे होते, ते त्यांनी दोनदा सांगितलं. ओवी बाल्कनीच्या दारात उभी राहून ऐकत होती. पाटा तिच्या पायाशी होता. विचारणं अगदी सोपं होतं. तिने विचारलं नाही.

संध्याकाळी ती गाडीत पेट्रोल भरायला निघाली. गाडी आता तिने अबू धाबीला न्यायची ठरली होती. बाबांची सीट पुढे ओढून घेतली आणि रस्त्याला लागली. रिकामी गाडी उजवीकडे ओढत होती. ओवीने स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवलं आणि पंपावर न थांबताच घरी परत आली.

लिफ्ट बंद होती, पाटा उचलून खाली आणताना तिला दोनदा जिन्यात थांबावं लागलं. डिकी उघडून ती उभी होती, तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. आई होती. एवढी वर्षं ज्या दगडाच्या नावाने तिने बोटं मोडली, त्याचा वरवंटा तिच्या हातात होता, बाबांच्या जुन्या पंच्यात नीट गुंडाळलेला.

"हा राहिला होता वर," आई म्हणाली. मग डिकीत वाकून पाहिलं आणि हाताने जागा दाखवली.

"तिकडे नाही. डावीकडे ठेव."